लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल: आधी ओळख, मग नाव

जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत 'लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवलेला आहे' एवढे वाक्य गाडीची किंमत वाढवायला पुरते. पण त्या वाक्यावरून मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात नेमके काय आहे, हे मात्र कळत नाही. 1956 नंतरच्या वीस वर्षांत अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कारखान्यांनी ही यंत्रणा डझनभर नावांनी विकली. कधी एकाच यंत्रणेला चार कंपन्यांनी चार नावे दिली, तर कधी एकाच कंपनीने नाव तेच ठेवून आतली यंत्रणा बदलली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत अ‍ॅक्सल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेले, कव्हरचे बोल्ट उघडले-लागले आणि त्यांच्याखालचे पत्र्याचे टॅग हरवले. अशा परिस्थितीत व्यापारी नावाला पुरावा मानणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. नाव फार तर कुठे शोधायचे ते सांगते. ओळख पटवायची ती यंत्रणेवरून, आणि नोंद करताना अ‍ॅक्सलचे हाउसिंग, आतली यंत्रणा आणि कंपनीने दिलेले नाव या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या.

मुळात ही यंत्रणा लागते कशासाठी, ते आधी पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एकाला घसटत जावे लागेल. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेक्योर यांनी 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले आणि ही अडचण सोडवली. पण साध्या डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे: तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, देतो. एक चाक चिखलात गेले आणि तिथे फक्त 10 किलोग्रॅम-मीटर टॉर्क पेलला जात असेल, तर कोरड्या रस्त्यावरच्या चाकालाही 10 च मिळतात. उरलेली ताकद चिखलातले चाक जागेवर गरगर फिरवण्यात जाते. लिमिटेड-स्लिप यंत्रणा दोन बाजूंमध्ये घर्षण निर्माण करून हा समान वाटा मोडते. 25 टक्के लॉकिंग असलेल्या यंत्रणेत पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या 1.67 पट टॉर्क मिळतो, 40 टक्क्यांना 2.33 पट आणि 75 टक्क्यांना 7 पट. म्हणजे वरच्या उदाहरणात 10 ऐवजी अनुक्रमे सुमारे 17, 23 आणि 70. या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. '25 टक्के' आणि '75 टक्के' या दोन्ही यंत्रणांना लोक एकाच नावाने हाक मारतात, पण ओल्या वळणावर त्या गाड्या दोन वेगळ्या जातींच्या असल्यासारख्या वागतात.

इतिहासही या गोंधळाला कारणीभूत आहे. जर्मनीत झेडएफ कंपनीने 1930 च्या दशकाच्या मध्याला ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांसाठी कॅम आणि सरकते ठोकळे असलेला स्व-लॉकिंग डिफरन्शियल तयार केला. मागचे इंजिन, प्रचंड ताकद आणि अरुंद टायर असलेल्या त्या गाड्यांत वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसतेच फिरायचे. त्यावर हा उपाय होता. सर्वसामान्य ग्राहकाच्या गाडीत ही सोय आणली ती अमेरिकेतल्या पॅकार्डने, 1956 मध्ये, 'ट्विन ट्रॅक्शन' या नावाने. आतली यंत्रणा होती थॉर्नटन यांच्या पेटंटवर आधारलेली 'पॉवर-लॉक'. पुढच्याच वर्षी शेव्हरोलेने 'पॉझिट्रॅक्शन' बाजारात आणला आणि मग नावांची रांगच लागली. पाँटिअ‍ॅकचा 'सेफ-टी-ट्रॅक', क्रायस्लरचा 'शुअर-ग्रिप', ओल्ड्समोबीलचा 'अँटी-स्पिन', अमेरिकन मोटर्सचा 'ट्विन-ग्रिप', फोर्डचा आधी 'इक्वा-लॉक' आणि मग 'ट्रॅक्शन-लॉक'. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या सॉल्सबरी कंपनीने थॉर्नटनच्या परवान्यावर पॉवर-लॉक बनवला. 1961 च्या 3.8 लिटर जॅग्वार ई-टाइपमध्ये आणि 3.8 लिटरच्या मार्क 2 मध्ये तो कारखान्यातूनच बसून येत असे.

इतकी नावे असली तरी यंत्रणेची घराणी मोजकीच आहेत. पहिले घराणे उतारांच्या प्लेट क्लचचे, म्हणजे पॉवर-लॉकचे. यात एकमेकांना छेदणाऱ्या दोन पिना असतात. त्यांची टोके केसमधल्या व्ही आकाराच्या खाचांत टेकलेली असतात. इंजिनचा जोर आला की पिना खाचांच्या उतारावर चढतात, दोन्ही बाजूंना सरकतात आणि क्लच प्लेट दाबतात. जेवढा जोर जास्त, तेवढी पकड जास्त. दुसरे घराणे स्प्रिंगने आधीच दाबून ठेवलेल्या प्लेट क्लचचे. शेव्हरोलेच्या ईटन पॉझिट्रॅक्शनमध्ये साइड गिअरच्या मध्ये स्प्रिंगचा गठ्ठा असतो, तर फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉकमध्ये एस आकाराची एकच स्प्रिंग. तिसरे घराणे बोर्ग-वॉर्नरच्या कोनचे. यात प्लेट नसतात. साइड गिअरला जोडलेले शंकू केसच्या निमुळत्या भिंतीवर घासतात. चौथे झेडएफच्या कॅमचे आणि पाचवे वर्म गिअरचे. व्हर्नन ग्लीझमन यांनी 1958 मध्ये पेटंट घेतलेल्या या शेवटच्या प्रकारातून पुढे टॉरसेन आला. जुन्या गाड्यांत तो बहुधा नंतर बसवलेला आढळतो. या सगळ्यांच्या पलीकडे लॉकर आहेत. उदाहरणार्थ डेट्रॉइट लॉकर: तो घसरणीला मर्यादा घालत नाही, तर दोन्ही चाके सरळ जखडतो आणि वळणावर जास्त वेगाने फिरणाऱ्या चाकाला सोडून देतो. त्याला लिमिटेड-स्लिप म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे.

आता नाव आणि यंत्रणा यांची सांगड कशी तुटते ते पाहा. क्रायस्लरच्या पावणेनऊ इंची अ‍ॅक्सलमधला शुअर-ग्रिप 1969 च्या सुमारापर्यंत पॉवर-लॉक जातीचा होता. त्यानंतर त्याच नावाखाली बोर्ग-वॉर्नरचा कोन प्रकार आला. पहिल्याच्या प्लेट बदलून तो पुन्हा नवा करता येतो. दुसऱ्याचे शंकू झिजले की केसची भिंतही झिजलेली असते, आणि कारखान्याने तो दुरुस्तीसाठी बनवलेलाच नव्हता. म्हणजे 'शुअर-ग्रिप आहे' हे ऐकून विकत घेणाऱ्याला पुढे किती खर्च येणार, हे नावावरून मुळीच ठरत नाही. जनरल मोटर्सचा 'जी80' हा ऑर्डर-कोड त्याहून बोलका आहे. मोटारींत या कोडने पॉझिट्रॅक्शन मिळे. 1973 पासून ट्रकमध्ये त्याच कोडवर ईटनचा 'गव्ह-लॉक' मिळू लागला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की गव्ह-लॉकमधली वजने उडतात आणि तो पूर्ण लॉक होतो; एरवी तो साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. ईटनच्याच कुळातली ही यंत्रणा आपल्याकडे नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आली, आणि तिला तिथे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असे सरळ, खरे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये 'सॉल्सबरी' या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात: कंपनी, मागे कव्हर आणि बाजूला दाबून बसवलेल्या नळ्या असलेले हाउसिंग, आणि प्लेट क्लचचा लिमिटेड-स्लिप. 'गाडीला सॉल्सबरी आहे' म्हणणाऱ्याच्या मनात यातले काय आहे, हे विचारल्याशिवाय समजत नाही, कारण सॉल्सबरीच्या हाउसिंगमध्ये साधा डिफरन्शियलही बसतोच.

बोलीभाषेने यात भर घातली. अमेरिकेत पॉझिट्रॅक्शन हे शेव्हरोलेचे नाव सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रणेला चिकटले. 1992 च्या 'माय कझिन व्हिनी' या चित्रपटातला कोर्टाचा प्रसंग याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मरिसा टोमे यांनी साकारलेली साक्षीदार रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या दोन सारख्या खुणांवरून गाडी ओळखते आणि ती 1963 ची पाँटिअ‍ॅक टेम्पेस्ट असल्याचे सांगते. पुरावा कसा वाचावा, याचा तो उत्तम धडा आहे: आरोपीच्या गाडीचे नाव काय होते यावर न जाता, दोन्ही चाकांनी रस्त्यावर काय केले, यावर ती बोलते. यंत्रणेला मात्र ती पॉझिट्रॅक्शन म्हणते, वास्तविक पाँटिअ‍ॅकचे नाव सेफ-टी-ट्रॅक होते. लोकांच्या तोंडी असे होणारच, त्यात गैर काही नाही. पण सुटे भाग मागवताना किंवा गाडीची नोंद करताना तीच भाषा वापरली, की चुकीच्या प्लेट पार्सलने घरी येतात.

मग टॅग आणि शिक्के यांचे काय? ते नक्कीच उपयोगी असतात, आणि काही तर फार नेमके असतात. फोर्डच्या अ‍ॅक्सलच्या बोल्टखालच्या पत्र्यावर '3एल50' असे कोरलेले असेल, तर मधला 'एल' 3.50 गुणोत्तराच्या लॉकिंग यंत्रणेची खूण असतो. बीएमडब्ल्यूच्या टॅगवर गुणोत्तराआधी 'एस' असेल, तर तो लिमिटेड-स्लिप. जॅग्वारच्या टॅगवर क्राउन व्हील आणि पिनियन यांच्या दातांची संख्या असते. 43 आणि 13 म्हणजे 3.31. पण प्रत्येक खूण कशाविषयी बोलते, हे नीट समजून घ्यावे लागते. क्रायस्लरच्या ओतीव हाउसिंगवरचे 741, 742 आणि 489 हे शेवटचे आकडे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात, पण ते पिनियनच्या दांड्याचा आकार सांगतात. आत शुअर-ग्रिप आहे की साधा, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय टॅग हा एका बोल्टने धरलेला पत्रा आहे. तेल बदलताना तो निघतो, दुसऱ्या गाडीवर लागतो, नवा छापूनही मिळतो. जॅग्वारचे हेरिटेज प्रमाणपत्र चॅसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे मूळ नंबर देते. पण गाडी कारखान्यातून गेल्यावर अ‍ॅक्सलचे काय झाले, हे कुठल्याही कारखान्याच्या कागदात सापडणार नाही. कागद जन्माची नोंद देतो, आजची प्रकृती नाही.

अनुभवी मेकॅनिकचा पहिला आक्षेप इथे येतो: एवढ्या कागदांची गरजच काय? गाडी मागून जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट फिरले तर साधा, त्याच दिशेला फिरले तर लिमिटेड-स्लिप. ही चाचणी चांगली आहे आणि ती करावीच. पण ती जे सिद्ध करते, ते लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे. चाके एकाच दिशेला फिरली याचा अर्थ आत काहीतरी घट्ट धरते आहे, एवढाच. ती वेल्डिंगने जाम केलेली स्पायडर गिअरही असू शकतात. चाके उलट फिरली, तर प्लेट पूर्ण झिजलेला पॉवर-लॉक, मुळात आधीचा दाब नसलेला टॉरसेन किंवा कमी वेगात गप्प बसणारा गव्ह-लॉक असण्याची शक्यता उरते. लॉकिंगचा गुणाकार शून्याशी केला तर उत्तर शून्यच येते. हवेत लटकणाऱ्या चाकावर जवळजवळ काहीच टॉर्क नसल्याने अशा यंत्रणा जॅकवर स्वतःला उघड करत नाहीत. तेव्हा या चाचणीचा निकाल हा संशय मानावा, निर्णय नव्हे.

निर्णयाच्या जवळ नेणारी चाचणी म्हणजे टॉर्क रेंचची. एक चाक जमिनीवर, दुसरे वर, गिअर न्यूट्रलला, आणि वरच्या चाकाच्या हबवर रेंच लावून ते सुटायला किती जोर लागतो ते मोजायचे. कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक यंत्रणेसाठी किमान आकडा दिलेला असतो. वेल्डिंग केलेला डिफरन्शियल कितीही जोर लावला तरी सुटत नाही. झिजलेला लिमिटेड-स्लिप किरकोळ जोराने सुटतो. चांगल्या स्थितीतला ठरलेल्या आकड्यावर, एकसारखा ताण देत सरकतो. गुणोत्तर मोजतानाही यंत्रणेचे भान ठेवावे लागते. 3.31 च्या साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक धरून दुसरे एक फेरी फिरवले, तर प्रॉपेलर शाफ्टच्या सुमारे 1.65 फेऱ्या होतात. लिमिटेड-स्लिपमध्ये दोन्ही चाके मिळून एक फेरी फिरली, तर 3.31. हा फरक विसरला, तर यंत्रणेबरोबर गुणोत्तरही चुकीचे नोंदवले जाते, आणि एका चुकीतून दोन चुका कागदावर येतात.

आणि शेवटचा शब्द कव्हर उघडल्यावरच मिळतो. मागे कव्हर असलेल्या सॉल्सबरी किंवा डाना अ‍ॅक्सलमध्ये हे सोपे आहे: तेल काढायचे, बोल्ट सोडायचे आणि केसच्या खिडकीतून आत पाहायचे. खिडकीतून सरळ एकच पिन आणि दोन स्पायडर गिअर दिसले, मध्ये काही नाही, तर बहुतेक वेळा तो साधा. मधल्या जागेत स्प्रिंगांचा गठ्ठा आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या दिसल्या, तर ईटन जातीचा. दोन भागांची, बोल्टने जोडलेली केस आणि खाचांत टेकलेली पिनांची टोके दिसली, तर पॉवर-लॉक. फोर्डच्या 9 इंची किंवा क्रायस्लरच्या पावणेनऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये गाभा पुढून काढावा लागतो, त्यासाठी आधी दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढावे लागतात. काम मोठे आहे, पण गाभ्याच्या दुरुस्तीच्या वेळी ते होतेच. तेव्हा फोटो काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

दुसरा आक्षेप मूळपणा जपणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की कंपनीने दिलेले नाव हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. पाँटिअ‍ॅकला सेफ-टी-ट्रॅकच म्हटले पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तीन रकाने वेगळे ठेवावेत असे मी म्हणतो. नाव पुसायचे नाही, त्याला त्याची जागा द्यायची. 'क्रायस्लर पावणेनऊ इंची, 489 हाउसिंग, बोर्ग-वॉर्नर कोन, शुअर-ग्रिप' ही नोंद इतिहासही जपते आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही पुरते. नुसते 'शुअर-ग्रिप' लिहिले, तर दोघांचेही नुकसान. तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: गाडी चिखलातून निघते, मग आत काय आहे याची उठाठेव कशाला? उत्तर तेलात आहे. प्लेट आणि कोनच्या यंत्रणेला घर्षण सौम्य करणारे खास मिश्रण असलेले गिअर ऑइल लागते. 1970 च्या आसपासपर्यंत अमेरिकेत या मिश्रणात स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई. बंदी आल्यावर कृत्रिम पर्याय आले. साधे तेल भरले, तर तीव्र वळणावर मागून थरथर आणि कुरकुर येते, आणि अनेकदा चांगला अ‍ॅक्सल 'गेला' म्हणून उघडला जातो. उलट वर्म गिअरच्या यंत्रणेची सगळी मदार घर्षणावर असल्याने तिथे असे मिश्रण ओतले, तर तिचे कामच कमी होते. म्हणजे आत काय आहे हे माहीत नसेल, तर कोणते तेल भरायचे, हेही माहीत नसते.

या सर्वांपेक्षा मोठे कारण सुरक्षिततेचे आहे. एक चाक जॅकवर आणि दुसरे जमिनीवर असताना, इंजिन सुरू करून गिअर टाकला, तर साध्या डिफरन्शियलची गाडी बहुधा जागेवर राहते. लिमिटेड-स्लिपची गाडी जमिनीवरच्या चाकाच्या जोरावर जॅकवरून सुटून पुढे जाते. म्हणूनच अशा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल ठळक ताकीद असते. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये साधाच डिफरन्शियल असल्याने इथल्या अनेक हातांना या धोक्याची सवय नाही. बाहेरून आणलेली जुनी जॅग्वार किंवा अमेरिकन गाडी गॅरेजमध्ये आली, की ही सवयच अपघाताला कारण ठरू शकते. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांना आणि मेकॅनिकना माझी विनंती एवढीच आहे: खात्री होईपर्यंत प्रत्येक अनोळखी अ‍ॅक्सल लिमिटेड-स्लिप आहे असे धरून इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही चाके उचला, इंजिन बंद असताना टॉर्क रेंच लावा, संधी मिळाली की कव्हर उघडून फोटो काढा, आणि गाडीच्या फायलीत हाउसिंग, यंत्रणा, कंपनीचे नाव आणि भरलेले तेल अशा चार ओळी तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मालकाला त्या चार ओळी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतील.